ज्यूद्वेषाचा घरगुती डिजिटल संग्रह : आधी नोंदवही, मग फायली

लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ८ मे १९२० रोजी एक लेख आला. ‘प्रोटोकॉल्स’ नावाची एक पुस्तिका तेव्हा नुकतीच इंग्रजीत निघाली होती. जग ताब्यात घेण्यासाठी ज्यू वडीलधाऱ्यांनी गुप्त बैठका घेतल्या आणि हे त्यांचं इतिवृत्त, असा तिचा दावा. लेखाचा सूर ‘यात तथ्य असेल तर?’ असा होता. पुढच्या वर्षी, १६ ते १८ ऑगस्ट १९२१ ला, त्याच ‘टाइम्स’ने आपला कॉन्स्टँटिनोपलचा वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याचे तीन लेख छापले. ग्रेव्हजने दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली होती. एक ही पुस्तिका, दुसरं मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची खिल्ली उडवायला लिहिलेलं पुस्तक. जोलीच्या पुस्तकात ज्यूंचा कट वगैरे काही नव्हतंच. पुस्तिकावाल्यांनी त्यातले उतारेच्या उतारे उचलून ज्यूंच्या तोंडी घातले होते.

आता समजा, तुमच्या हार्ड डिस्कवर यातला फक्त १९२० चा लेख आहे. स्कॅन झकास, कागदाचा पिवळेपणासुद्धा दिसतोय. उद्या घरातलं कोणी ती फाईल उघडेल तेव्हा त्याच्या हाती काय लागेल? एका नावाजलेल्या वर्तमानपत्राने या कटाची दखल घेतली होती, याचा पुरावा. फाईल अस्सल आहे आणि ती नेऊन पोचवते खोट्याकडे.

म्हणून या विषयाचा संग्रह करू पाहणाऱ्याला मी आधी स्कॅनर घ्यायला सांगत नाही, नोंदवही उघडायला सांगतो. वस्तू कुठून आली, कोणी बनवली, कोणी पुढे ढकलली, तिला कोणी उत्तर दिलं, हे ज्यात लिहिलंय तो संग्रह. बाकीचं सगळं डाऊनलोड फोल्डर.

मराठी माणसाने हे कशाला करावं, असं कोणी विचारतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रॉथशिल्ड घराणं जगातल्या बँका चालवतं’ हा युरोपातल्या एका ज्यू बँकर घराण्यावरचा मजकूर शुद्ध मराठीत फिरतो, हे एक कारण. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे स्टेशनच्या स्टॉलवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं उपाहारगृह निघालं आणि मुंबईतल्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर नाव बदललं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाऊस हे ज्यू केंद्र निवडून लक्ष्य केलं गेलं. तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. आणि याच प्रदेशात, अलिबाग-पेण-पनवेलच्या पट्ट्यात, कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत आणि शनिवार (ज्यूंचा काम बंद ठेवण्याचा दिवस) पाळत राहिले. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, पण त्यांच्यावर कोणी हल्ले केले नाहीत. म्हणजे आपल्याकडे येतो तो द्वेष बहुतेक आयात केलेला. तो कुठल्या बंदरातून येतो हे शोधायला संग्रहाचा उपयोग होतो.

पहिलं काम : प्रश्न एका ओळीत लिहा

‘ज्यूद्वेष’ हा विषय घेऊन बसलात तर बुडाल. इंग्लंडमधल्या नॉरिच गावात ११४४ मध्ये विल्यम नावाचा मुलगा मेला आणि पुढे त्याचा खून ज्यूंच्या माथी मारला गेला, तिथपासून आजच्या रीलपर्यंत सगळं त्यात येतं. नोंदवहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा, एका ओळीत मावेल असा. तीन नमुने देतो.

‘प्रोटोकॉल्समधलं खोटं मराठीत कसकसं येतं?’ याला मुख्यतः आंतरजाल आणि जुनी मासिकं लागतील.

‘नाझी जर्मनीतून पळालेले ज्यू मुंबईत आले तेव्हा त्यांचं काय झालं?’ हा माझ्या आवडीचा. मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. त्याच वर्षी वॉल्टर कॉफमन नावाचा संगीतकार मुंबईत उतरला. आकाशवाणीची ओळखधून त्याची मानली जाते. युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्टवाले सगळे ‘शत्रुदेशीय’ ठरवले. हिटलरपासून पळालेल्या ज्यूंनाही नाझी समर्थकांबरोबर अहमदनगरच्या छावणीत डांबलं. पुढे चौकशीनंतर अनेकांना सोडलं, काही कुटुंबांना पुरंदरावर ठेवलं. या विषयाचे कागद मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. सरकारी खात्यांच्या नावांनी शोधा. ‘ज्यू’ असं टाकून फारसं निघत नाही. ‘परकीय नागरिक’, ‘नजरबंदी’, ‘व्हिसा’ अशा फायलींत ही माणसं सापडतात.

तिसरा नमुना अगदी लहान : ‘माझ्या नात्यागोत्यातल्या ग्रुपवर येणारे ज्यूंविषयीचे फॉरवर्ड.’ हसू नका. हे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयाकडे नाही.

नोंदवही कशी आखायची

साधी एक्सेल किंवा लिब्रऑफिसची शीट पुरते. पुस्तकं-लेखांसाठी झोटेरो आणि कागदपत्रांच्या फोटोंसाठी ट्रॉपी ही मोफत सॉफ्टवेअरं चांगली आहेत, पण सुरुवात शीटने करा. रकाने आपणच आखले की काय नोंदवायचं याचा विचार आपणच करतो.

माझे रकाने असे : क्रमांक; मूळ वस्तूची तारीख; माझ्या हाती आल्याची तारीख; वस्तू काय आहे; कोणी बनवली; माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली; भाषा आणि लिपी; खूण; उत्तर; हक्क कोणाचे; फाईलचं नाव; ठसा (तो काय ते पुढे येईल); शेरा.

यातले दोन रकाने बहुतेक लोक गाळतात. एक ‘वाट’. ‘इंटरनेटवरून’ ही वाट नव्हे. कोणत्या पानावरून, त्या पानाने कुठून घेतलं, तिथे कोणी चढवलं, जितकं मागे जाता येईल तितकं जा, आणि जिथे थांबलात तिथे ‘इथून पुढे माहीत नाही’ असं स्वच्छ लिहा. दुसरा रकाना ‘उत्तर’. द्वेषाच्या प्रत्येक वस्तूसमोर, तिचं खंडन करणाऱ्या किंवा तिचा परिणाम सांगणाऱ्या वस्तूचा क्रमांक. हा रकाना रिकामा असेल तर ओळ लाल. लाल ओळी वाढल्या की नवं जमवणं थांबवायचं आणि उत्तरं शोधायला बसायचं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते बघा. समजा, ‘यहुद्यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय’ अशा सुरुवातीचा फॉरवर्ड तुमच्याकडे आला. त्याला क्रमांक द्या पी-००८. मग त्याच्या आधीच्या सात ओळी भरा :

पी-००१, जोलीचं पुस्तक, १८६४.
पी-००२, ‘झ्नाम्या’ हे रशियन वर्तमानपत्र, सेंट पीटर्सबर्ग, १९०३. पुस्तिकेचा पहिला छापील अवतार. संपादक पावेल क्रुशेवान. शेऱ्यात लिहा की याच माणसाच्या दुसऱ्या वर्तमानपत्राने रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहरात ज्यूंविरुद्ध आग ओकली होती आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या दंगलीत ४९ ज्यू मारले गेले.
पी-००३, ‘टाइम्स’चा १९२० चा लेख. उत्तर : पी-००५.
पी-००४, हेन्री फोर्डच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’मधली १९२० पासूनची लेखमाला. शेरा : १९२७ मध्ये फोर्डच्या सहीने जाहीर माफी.
पी-००५, ग्रेव्हजचे लेख, १९२१.
पी-००६, स्वित्झर्लंडमधल्या बर्न न्यायालयाचा निकाल, १४ मे १९३५ : पुस्तिका बनावट आणि चोरलेली.
पी-००७, बर्नच्या अपील न्यायालयाचा निकाल, १९३७.

शेवटची ओळ मुद्दाम ठेवायची. कारण ‘वरच्या कोर्टाने निकाल फिरवला’ हे वाक्य आजही फिरतं, आणि ते पूर्ण खोटं नाही, हीच त्यातली मेख. अपील न्यायालयाने पुस्तिका पसरवणाऱ्या आरोपींना सोडलं ते अश्लील साहित्याविषयीचा कायदा या मजकुराला लागू होत नाही या मुद्द्यावर. पुस्तिका अस्सल आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. तुमच्या नोंदीत हा फरक नसेल तर वादात समोरचा तो काढणार आणि तुम्ही गप्प.

नोंदवहीचं महत्त्व पटवायला गोव्यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचे खटले चालवणारं कॅथलिक न्यायासन, १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. सुरुवातीच्या दशकांत त्याची नजर होती ‘नव्या ख्रिस्त्यां’वर, म्हणजे पोर्तुगालमध्ये बाटवलेल्या ज्यूंच्या वंशजांवर, पुढे बहुसंख्य आरोपी इथलेच, हिंदू चाली सोडल्या नाहीत म्हणून धरलेले. वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू म्हणून जाळलं. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. या न्यायासनाचे मूळ कागद, खटल्यांच्या फायली, इन्क्विझिशन बंद झाल्यावर बहुतेक नष्ट केले गेले. पण जुआंव देल्गादु फिगैरा या त्यांच्याच अधिकाऱ्याने १६२३ मध्ये तोवरच्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची केली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात टिकली. आज सुरुवातीच्या आरोपींची नावं, गावं, आरोप, शिक्षा कळतात ते मुख्यतः त्या सूचीमुळे. छळ करणाऱ्याच्या कारकुनीतून छळलेल्यांची नावं वाचली.

तात्पर्य व्यवहाराचं : नोंदवही फायलींबरोबर एकाच डिस्कवर ठेवू नका. महिन्यातून एकदा ती सीएसव्ही (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात वेगळी काढा, वर्षातून एकदा छापा.

खुणा, आणि व्याख्येचं भांडण

‘खूण’ रकान्यात ‘ज्यूद्वेषी’ असं लिहून काही साधत नाही. संग्रहच त्याचा आहे. आरोपाचा साचा लिहा. जुने साचे हाताच्या बोटांवर मोजता येतील : धार्मिक विधीसाठी मुलांना मारून रक्त घेतात असा रक्ताचा आळ, विहिरीत विष, सावकार आणि बँका, गुप्त कट, देशाशी बेइमानी, आणि नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार (होलोकॉस्ट) झालाच नाही. फ्रान्सच्या ज्यू कॅप्टन ड्रेफसवर १८९४ मध्ये हेरगिरीचा आळ आला तो ‘बेइमानी’त. कीवमध्ये मेंडेल बेलिस या ज्यू माणसाला १९११ मध्ये रक्ताच्या आळावरून पकडलं आणि १९१३ मध्ये ज्यूरीने सोडलं, तो पहिल्यात. १३४८-४९ च्या प्लेगात युरोपभर ज्यूंवर विहिरी विषारी केल्याचा आरोप आला, आणि इथे ‘उत्तर’ही तयार आहे : पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच फर्मान काढून बजावलं की प्लेगने ज्यूही मरत आहेत. साच्याने खुणा केल्या की नवा फॉरवर्ड कुठल्या जुन्या घराण्यातला आहे हे पटकन दिसतं. साथीचा आजार, पाण्यात किंवा लशीत काहीतरी आणि मागे ज्यू, हा साचा तर पार चौदाव्या शतकातला.

मग इस्रायल. इथे भल्याभल्यांचे संग्रह फुटतात. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्सने मे २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची एक कार्यकारी व्याख्या स्वीकारली. तिच्यातली बरीच उदाहरणं इस्रायलविषयीच्या बोलण्याची आहेत. त्याने राज्यावरची टीकाही द्वेषात मोडेल असं वाटणाऱ्या अभ्यासकांनी मार्च २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. दोन्ही वाचा, दोन्ही संग्रहात ठेवा, आणि तुम्ही कुठली रेघ मारता ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझी रेघ सरळ आहे. सरकार, लष्कर, धोरण यांच्यावरचा मजकूर माझ्या विषयात नाही, कितीही जहाल असो. त्याच मजकुरात ‘हे लोक असेच’ आलं, किंवा वर दिलेल्या साच्यांपैकी एखादा आला, की तो येतो. गाझातल्या बॉम्बहल्ल्यांचा निषेध करणारं पोस्टर मी घेत नाही. त्या पोस्टरवर आकड्या नाकाचा माणूस नाण्यांच्या थैलीवर बसलेला असेल तर घेतो. मधलं बरंच काही उरतं. त्यासाठी ‘अनिर्णित’ ही खूण ठेवा आणि ती वापरायला लाजू नका.

आणखी एक वेगळी खूण लागेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायलांच्या विवाहांना पूर्वजांच्या चौकशीची अट घातली. आपल्या कोकणातून गेलेली माणसं जेरुसलेममध्ये निदर्शनाला बसली आणि १९६४ मध्ये ती लढाई त्यांनी जिंकली. हा भेदभाव होता, पण ज्यूंनी ज्यूंशी केलेला. त्याला ज्यूद्वेषाच्या रकान्यात कोंबलं तर दोन्ही विषयांची माती होते.

टिपणं : पडदा, फोन, कागद

वेबपान. नुसता स्क्रीनशॉट हा कच्चा पुरावा. कोणीही पाच मिनिटांत बनवतो. आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाउ’ करा म्हणजे तिऱ्हाइताकडे तारखेसह प्रत राहते. ते जमत नसेल, उदाहरणार्थ लॉगिनमागचं पान असेल, तर आर्काइव्हवेब.पेज हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन वापरा. ते पान हालतं-चालतं तसंच्या तसं एका वॅक्झ फाईलमध्ये बांधतं. स्क्रीनशॉटही घ्या, पण पूर्ण पानाचा, पत्त्याची पट्टी दिसेल असा. आज दिसतंय ते उद्या असेल या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ११ जणांना मारणाऱ्याने हल्ल्याच्या जरा आधी ‘गॅब’ या समाजमाध्यमावर लिहिलं होतं, पुढच्या एक-दोन दिवसांत सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतले आणि ती साइटच काही काळ बंद पडली.

फाईल उतरवली की लगेच तिचा ठसा काढा. शा-२५६ हा ६४ चिन्हांचा आकडा; विंडोजमध्ये सर्टयुटिल, मॅकवर शासम या आज्ञेने मिळतो. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो. ‘तुम्ही फेरफार केला’ असं उद्या कोणी म्हणालं तर हा आकडा दाखवायचा, अर्थात तो त्याच दिवशी नोंदवहीत चढवला असेल तर.

व्हॉट्सअ‍ॅप. फोटो पाठवताना ते त्यातली अंतर्गत माहिती काढून टाकतं, त्यामुळे फॉरवर्ड झालेल्या चित्राच्या अंतर्गत माहितीवरून मूळ शोधता येत नाही. मजकूर, आल्याची वेळ, दुहेरी बाणाची ‘अनेकदा फॉरवर्ड’ खूण आहे का, हे लिहून ठेवा. ती खूण असेल तर मजकूर निदान पाच हातांतून आलाय. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर मात्र नोंदीत घालायचे नाहीत. ‘शाळेचा ग्रुप’, ‘सोसायटी’ एवढं पुरे. शेजारच्या काकांना पकडून देण्यासाठी हा संग्रह नाही. आणि काकांनी तो मजकूर वाचलाही नसेल, नुसता सकाळच्या गुलाबाबरोबर पुढे ढकलला असेल.

मराठी वेबपानांची एक खास डोकेदुखी आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्या बऱ्याच साइट्स श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी अशा फॉन्टांत होत्या. तेव्हाचं पान आज उघडलं की ‘मराठी’च्या जागी टिंबं-अवग्रह-परकी अक्षरं यांची भेळ दिसते. मूळ फाईल तशीच ठेवा, परिवर्तक वापरून युनिकोड प्रत वेगळी करा, आणि कुठल्या फॉन्टवरून केली ते शेऱ्यात लिहा. तसंच शुद्धलेखनाचं : इस्रायल, इस्राएल, इस्त्रायल, इस्राईल, ज्यू, यहुदी, यहूदी, हे सगळं मराठीत चालतं. शोधासाठी एक रूप नक्की करा, बाकीची ‘इतर रूपं’ म्हणून द्या. नाहीतर स्वतःच्याच संग्रहात काही सापडणार नाही.

कागद. ३०० डीपीआय वाचायला पुरतं, जपायला ६०० घ्या. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची पीडीएफमध्ये. टेसेरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी छापील मजकूर ओळखतं. जुनी जर्मन फ्राक्टुर छपाईही. जुन्या जर्मन हस्ताक्षरासाठी ट्रान्सक्रिबस बघा. फाईलची नावं तारखेने सुरू करा, मोकळी जागा न सोडता : १९२१-०८-१६_टाइम्स_ग्रेव्हज_००१. प्रत्यक्षात हे नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. देवनागरी नावं एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना अधूनमधून मोडतात.

नाझी काळातल्या वस्तू विकणारे दलाल ऑनलाइन भेटतील. बिल्ले, पोस्टकार्डं, ‘श्ट्युर्मर’ या नाझी ज्यूद्वेषी साप्ताहिकाचे अंक. विकत घेऊ नका. निम्मा माल बनावट असतो असं मला वाटतं, आणि खरा निघाला तरी तुम्ही त्या बाजारात गिऱ्हाईक झालात.

फोटोंच्या ओळी

या विषयात फोटो सर्वांत जास्त फिरतात आणि त्यांच्याखालच्या ओळी सर्वांत जास्त चुकतात. आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीच्या फलाटावर आगगाडीतून उतरलेली माणसं, बायका आणि मुलं एका रांगेत, पुरुष दुसऱ्या. ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील. ते जवळजवळ सगळे एकाच अल्बममधले आहेत. १९४४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर हंगेरीतून आणलेल्या ज्यूंचे, एसएस या नाझी दलाच्याच माणसांनी काढलेले. लिली याकोब ही त्याच गाड्यांपैकी एकीतून आलेली मुलगी. तिला सुटकेनंतर डोरा या दुसऱ्या नाझी छावणीच्या बराकीत तो अल्बम मिळाला आणि त्यात तिला आपल्या घरची माणसं दिसली. तिने तो पुढे १९८० मध्ये याद वाशेम या जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेला दिला. आता हाच फोटो ‘पोलंड, १९४१’ अशा ओळीसह तुमच्याकडे येतो. ओळ चुकली म्हणून फोटो खोटा, असं नाकारणारे लगेच म्हणतात. म्हणून प्रत्येक फोटो उलट शोधा (चित्र टाकून शोध घेणं, रिव्हर्स इमेज सर्च), याद वाशेम किंवा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमच्या सूचीतली मूळ नोंद काढा आणि कॅमेरा कोणाच्या हातात होता हे ‘कोणी बनवली’ रकान्यात लिहा. मारणाऱ्याने काढलेला फोटो मारणाऱ्याच्या नजरेने दिसतो. वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

दुसरा आवाज

बर्लिनमधला आल्फ्रेड वीनर १९२० च्या दशकापासून नाझींचे कागद जमवत होता. १९३३ मध्ये त्याला पळावं लागलं. अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन त्याने नव्याने सुरुवात केली. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत सिनेगॉग जळाले, दुकानं फुटली. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या कार्यालयाने ३५० हून अधिक प्रत्यक्ष साक्षी टिपून घेतल्या. मारणाऱ्यांची पत्रकं होतीच, पण मार खाल्लेल्यांचं बोलणं ताजं असताना उतरवलं. १९३९ मध्ये तो संग्रह लंडनला गेला. वीनर होलोकॉस्ट लायब्ररी म्हणून तो आजही चालू आहे आणि त्या साक्षी ऑनलाइन वाचता येतात.

तुमच्या संग्रहात निम्मी जागा या दुसऱ्या आवाजाला द्या. नरीमन हाऊसविषयी जमवत असाल तर सर्वोच्च न्यायालयाचं २९ ऑगस्ट २०१२ चं निकालपत्र उतरवा. हल्लेखोर आणि पाकिस्तानातले सूत्रधार यांच्यातलं फोनवरचं बोलणं त्यात उद्धृत केलेलं आहे. पण तेवढ्यावर थांबलात तर फक्त मारेकरी बोलतात. होल्ट्झबर्ग यांच्या छोट्या मोशेला बाहेर काढणाऱ्या सांभाळणाऱ्या बाई सँड्रा सॅम्युएल यांच्या जाहीर मुलाखती आहेत, त्या जोडा.

कोकणात किंवा ठाण्यात बेने इस्रायल आजी-आजोबांशी बोलायला मिळालं तर ‘तुम्हाला त्रास झाला का?’ इथून सुरुवात करू नका. त्यांना तुमच्या विषयात बसवायची घाई दिसते ती. शाळेत शनिवारी काय करायचात, मलिद्याचं (आभाराच्या प्रसादाचं) ताट कधी मांडता, इस्रायलला कोण कोण गेलं आणि तुम्ही का राहिलात, हे विचारा. त्रास झाला असेल तर तो या गोष्टींत येतो. झाला नसेल तर तीही नोंदच आहे, फार मोलाची. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या, ती मुद्रणातच बोलून घ्या, आणि त्यांची प्रत त्यांना पेनड्राइव्हवर नेऊन द्या.

जपणूक

वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या साथीदारांनी १९४० पासून गुप्त संग्रह केला. हुकूमनामे आणि डायऱ्यांबरोबर ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं, चॉकलेटचे कागदसुद्धा. तो तीन भागांत पुरला. दहा पत्र्याच्या पेट्या १९४६ मध्ये मिळाल्या. नीट बंद नसल्याने आत पाणी शिरलं होतं. दुधाचे दोन डबे १९५० मध्ये मिळाले, त्यातले कागद बरेच चांगले. तिसरा भाग आजवर मिळालेला नाही. सापडलेली पानं ३५,००० च्या घरात आहेत. एक भाग हरवला तरी बाकीचे हाती आले, कारण सगळं एकत्र पुरलेलं नव्हतं.

आपल्यासाठी नियम तीन-दोन-एक : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या भावाकडे. क्लाउडवर टाकताना वेराक्रिप्टसारख्या साधनाने कुलूपबंद करूनच टाका. कंपन्यांची यंत्रं स्वस्तिक आणि हिटलर ओळखतात, तुमचा हेतू ओळखत नाहीत. खातं बंद झालं तर दाद मागेपर्यंत जीव जातो. दिवाळीच्या साफसफाईत डिस्क जोडून ठसे पुन्हा ताडून बघा. न वापरलेली डिस्क पडून पडूनही मरते.

कायदा, आणि तुमचं डोकं

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. खासगी अभ्यासासाठी प्रत ठेवायला १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ मुभा देतं, पण ती जाहीर चढवायला नाही. द्वेषाचा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ च्या जवळ नेणारं आहे. ‘बघा किती वाईट आहे’ असं वर लिहून पाठवलं तरी पुढच्या माणसाकडे ती वरची ओळ पोचेलच असं नाही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी जास्त जपावं : तिथे नाझी चिन्हं जाहीर दाखवणं आणि होलोकॉस्ट नाकारणं हे गुन्हे आहेत, संशोधन-शिक्षणाला सवलत असली तरी. दाखवायची वेळ आलीच तर चित्रावर आडवी पट्टी मारा आणि क्रमांक द्या, म्हणजे ते तुमच्या संग्रहातून सुटलं तरी नुसतं फिरणार नाही.

हा मजकूर रोज वाचणं प्रकृतीला चांगलं नाही. मी व्हिडिओ आवाज बंद करून बघतो, फोटो लहान आणि कृष्णधवल करून. रात्री जेवणानंतर या फोल्डरला हात लावत नाही. घरातला संगणक मुलं वापरत असतील तर वेगळं खातं करा.

तुमच्यानंतर

मोठ्या संस्थांना ‘श्ट्युर्मर’चं आणखी एक स्कॅन नको असतं. मराठी फॉरवर्ड, कोकणातल्या मुलाखती, नगरच्या छावणीचे कागद यांना मात्र किंमत आहे, आणि ते बरोबरच्या नोंदीसह असतील तरच. लंडनची वीनर लायब्ररी, जेरुसलेमचं राष्ट्रीय ग्रंथालय, पुण्या-मुंबईतली इतिहासाची विद्यापीठीय खाती, यांना हयातीतच ईमेल करून विचारा : घ्याल का, कोणत्या स्वरूपात, कोणत्या अटींवर. मग एक पानाचं पत्र लिहा. काय कुठे आहे, कोणत्या मुलाखती किती वर्षं बंद ठेवायच्या, काय पुसून टाकायचं, कोणाला कळवायचं. ते नोंदवहीच्या छापील प्रतीला टाचा. पासवर्ड त्यात लिहू नका. तो वेगळ्या पाकिटात, घराच्या कागदपत्रांबरोबर.